मूळ कंपनी अडचणीत असलेल्या विमानसेवेचे तिकीट कसे काढावे

सांगली जिल्ह्यात आजही नियमित विमानसेवा नाही. कवलापूरच्या धावपट्टीची चर्चा अनेक वर्षे चालू असली, तरी सांगली, मिरज, तासगाव किंवा विट्याच्या माणसाला विमान गाठायचे झाल्यास कोल्हापूरजवळचे उजळाईवाडी, बेळगावजवळचे सांबरा किंवा थेट पुणे गाठावे लागते. यांपैकी पहिल्या दोन ठिकाणांहून सुटणारी बरीचशी विमाने पन्नास ते ऐंशी आसनांची असतात आणि एखादा मार्ग बहुधा एकाच कंपनीच्या हाती असतो. खानापूर-आटपाडीकडचे जे गलाई (सोने-चांदी गाळण्याचे काम करणारे) व्यावसायिक दक्षिणेतील शहरांत दुकाने चालवतात, त्यांच्यासाठी असा एक मार्ग बंद होणे म्हणजे दीड तासाचा प्रवास पुन्हा रात्रभराचा होणे. म्हणूनच अशा कंपनीची किंवा तिच्या मूळ कंपनीची आर्थिक स्थिती बिघडल्याची बातमी आली की लोक विचारतात, तिकीट काढावे की नाही? माझे उत्तर असे की काढावे, मात्र आगाऊ काढलेले तिकीट म्हणजे आपण त्या कंपनीला दिलेले विनातारण कर्ज आहे हे समजून काढावे.

प्रथम मूळ कंपनी आणि उपकंपनी यांचे नाते समजून घेतले पाहिजे. कायद्याच्या दृष्टीने दोन्ही स्वतंत्र असतात. एकीचे देणे आपोआप दुसरीचे होत नाही. व्यवहारात मात्र विमानांच्या भाडेकराराला मूळ कंपनीची हमी असते, इंधनाची उधारी तिची पत पाहून मिळते, आणि तिकीट आरक्षणाची यंत्रणा, अभियंते, सुटे भाग, विमानतळावरील कर्मचारी हे सगळे बहुधा सामाईक असते. जेट एअरवेजने 2007 साली सुमारे 1450 कोटी रुपयांना एअर सहारा विकत घेऊन तिचे नाव जेटलाइट केले. 17 एप्रिल 2019 रोजी जेटची उड्डाणे थांबली तेव्हा जेटलाइटही थांबली. एअर डेक्कनचे किंगफिशरमध्ये विलीनीकरण झाले, तिची स्वस्त सेवा पुढे ‘किंगफिशर रेड’ या नावाने चालली आणि 2011 मध्ये मूळ कंपनीनेच ती बंद करण्याचे ठरवले. पुढच्याच वर्षी स्वतः किंगफिशरही जमिनीवर आली.

याच्या उलट उदाहरणही ध्यानात ठेवावे. अलायन्स एअर ही एअर इंडियाची उपकंपनी होती. जानेवारी 2022 मध्ये एअर इंडिया टाटा समूहाकडे गेली, तेव्हा अलायन्स एअर सरकारकडेच राहिली आणि त्याच वर्षीच्या एप्रिलपासून तिने आपले आरक्षण वेगळे केले. म्हणजे मूळ कंपनीपासून सुटूनही छोटी सेवा चालू राहू शकते. दुसरीकडे, कोल्हापूर-मुंबई मार्गावर आपल्यापैकी अनेकांनी ज्या ट्रूजेटने प्रवास केला, तिच्यामागे हैदराबादचा मेघा इंजिनिअरिंग हा मोठा उद्योग होता. तरीही 2022 च्या फेब्रुवारीत तिची उड्डाणे थांबली. मूळ कंपनीकडे पैसा असणे आणि तो या धंद्यात घालत राहण्याची तिची तयारी असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि मी या तयारीकडे अधिक लक्ष देतो.

ही तयारी कशी ओळखावी? नागरी विमान वाहतूक महासंचालनालय, म्हणजे डीजीसीए, दरमहा देशांतर्गत वाहतुकीचा अहवाल प्रसिद्ध करते. त्यात कंपनीनिहाय रद्द झालेल्या उड्डाणांचे प्रमाण आणि भरलेल्या आसनांची टक्केवारी दिलेली असते. एखाद्या महिन्याचा आकडा फारसा बोलत नाही, कारण पावसाळ्यात उजळाईवाडीला ढग खाली आले तरी उड्डाणे रद्द होतात. पण सलग चार-पाच महिने रद्द होण्याचे प्रमाण चढत असेल आणि कारणांत तांत्रिक बिघाडच वारंवार दिसत असेल, तर सुट्या भागांसाठी पैसा नाही असा संशय घेण्यास जागा आहे. पगार थकल्याच्या, इंधन कंपन्यांनी उधारी बंद केल्याच्या किंवा भाड्याची विमाने परत गेल्याच्या बातम्या याहून गंभीर समजाव्यात. तसेच तो मार्ग ‘उडान’ या छोट्या शहरांना विमानसेवेने जोडणाऱ्या सरकारी योजनेतील आहे का, हे पाहावे. या योजनेत कंपनीला तूट भरून काढण्यासाठी मिळणारे अनुदान साधारण तीन वर्षांचे असते. ती मुदत संपत आली की धडधाकट कंपनीही मार्ग सोडते.

इतके पाहून प्रवास करायचाच ठरला, तर सर्वांत महत्त्वाचा निर्णय पैसे कसे भरायचे हा आहे. काही वर्षांपूर्वी मी घरच्या लग्नासाठी एका छोट्या कंपनीची चार तिकिटे एका एजंटाकडून रोख पैसे देऊन, तीन महिने आधी काढली होती. उड्डाणे बंद झाल्यावर एजंट कंपनीकडे बोट दाखवत राहिला, कंपनीचा फोन कोणी उचलेना आणि माझ्या हाती एक साधी पावती उरली. त्यानंतर अशी तिकिटे मी कंपनीच्या संकेतस्थळावरून, शक्यतो क्रेडिट कार्डानेच काढतो. कार्डाने पैसे भरले असतील आणि सेवा मिळालीच नाही, तर कार्ड देणाऱ्या बँकेकडे ‘चार्जबॅक’, म्हणजे भरलेली रक्कम उलट फिरवून, मागता येतो. हा दावा बँकांच्या आपसातील यंत्रणेतून जातो, त्यामुळे कंपनीने स्वतःहून पैसे परत करण्याची वाट पाहावी लागत नाही. त्याला मुदत असते; म्हणून उड्डाण रद्द झाल्याचा संदेश आला, की त्याच आठवड्यात बँकेला लेखी कळवावे.

तिकीट किती आधी काढावे, यातही सवय बदलावी लागते. तीन महिने आधी काढून हजार-पाचशे रुपये वाचतात, पण तितका काळ आपले पैसे कंपनीकडे अडकतात. अशा कंपनीच्या बाबतीत मी दोन-तीन आठवड्यांपलीकडे जात नाही. परतीचे तिकीट वेगळे काढावे. पुढे परदेशी जाणारे विमान पकडायचे असेल, तर दोन्ही टप्पे एकाच तिकिटावर घ्यावेत. ते शक्य नसेल तर मध्ये एक पूर्ण दिवस ठेवावा, कारण वेगळ्या तिकिटावर पहिले विमान चुकल्याची जबाबदारी दुसरी कंपनी घेत नाही. लग्न, परीक्षा किंवा शस्त्रक्रियेसारखे न चुकवता येणारे काम असेल तर मिरजेहून रेल्वेचे आरक्षणही करून ठेवावे. मुंबईसाठी महालक्ष्मी एक्स्प्रेस आणि बंगळुरूसाठी राणी चन्नम्मा एक्स्प्रेस आहे, आणि ते आरक्षण वेळेत रद्द केल्यास थोडीच रक्कम कापली जाते. प्रवास विम्यावर मात्र विसंबू नये. विमान कंपनी दिवाळखोरीत निघाल्यास भरपाई मिळेल असे पॉलिसीत स्पष्ट लिहिले नसेल, तर ती मिळणार नाही असेच धरून चालावे.

उड्डाण बंद होणार अशी कुजबुज सुरू झाली की अनेक जण घाबरून स्वतःच तिकीट रद्द करतात. तसे करण्यापूर्वी नियम वाचावेत. आपण रद्द केले तर मूळ भाडे आणि इंधन अधिभार कापला जाऊ शकतो, मात्र ‘नॉन-रिफंडेबल’ तिकिटावरही सरकारी कर आणि विमानतळाचे शुल्क परत मिळायला हवे. कंपनीने रद्द केले, तर पर्यायी उड्डाण किंवा पूर्ण परतावा यांपैकी निवड आपली असते. परताव्याऐवजी रक्कम ‘क्रेडिट शेल’मध्ये, म्हणजे पुढच्या तिकिटासाठी कंपनीकडेच जमा, ठेवण्याचा प्रस्ताव आला, तर तो नाकारण्याचा अधिकार डीजीसीएच्या नियमांनी प्रवाशाला दिला आहे, आणि डळमळीत कंपनीच्या बाबतीत तो नाकारावाच. परतावा न आल्यास सरकारच्या ‘एअरसेवा’ पोर्टलवर आणि 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवावी. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तक्रारदार राहतो त्या जिल्ह्यात दाद मागता येते; म्हणजे कंपनीचे कार्यालय दिल्लीत असले, तरी सांगलीच्या जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत जाता येते.

हे सगळे दिवाळखोरीची प्रक्रिया सुरू होण्याआधी करणे श्रेयस्कर आहे. राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाने अर्ज दाखल करून घेतला, की कंपनीविरुद्धच्या वसुलीला स्थगिती लागते आणि ग्राहक आयोगातील तक्रारही थांबते. गो फर्स्टने 2 मे 2023 रोजी स्वतःच असा अर्ज केला, आणि जानेवारी 2025 मध्ये ती कंपनी अवसायनात काढण्याचा, म्हणजे मालमत्ता विकून बंद करण्याचा, आदेश झाला. अर्जानंतर तिची भाड्याची विमाने स्थगितीमुळे वर्षभर अडकून राहिली होती. ऑक्टोबर 2023 च्या अधिसूचनेने विमानांना या स्थगितीतून वगळले आहे. त्यामुळे यापुढे भाडे थकलेल्या कंपनीची विमाने मालक लवकर परत नेऊ शकतील, आणि छोटी सेवा एकदा थांबली तर पुन्हा सुरू होण्याची आशा त्या मानाने कमी राहील.

प्रक्रिया सुरू झालीच, तर वृत्तपत्रात येणारी जाहीर सूचना शोधावी. तिच्यात दाव्यासाठी दिलेली मुदत साधारण चौदा दिवसांची असते. सूचनेतील नमुन्यात दावा भरून त्याला तिकीट, उड्डाण रद्द झाल्याचा संदेश आणि पैसे गेल्याची नोंद असलेला बँक खाते उतारा जोडावा. वाटपाच्या क्रमात आधी प्रक्रियेचा खर्च, मग कामगारांची देणी व तारण असलेली कर्जे येतात आणि प्रवासी बरेच खाली असतात, तेव्हा मोठी रक्कम मिळेल या भरवशावर घरचा कोणताही खर्च ठरवू नये; पण दावाच दाखल केला नाही, तर त्या यादीत आपले नावही लागणार नाही.