अमेरिकेचं नागरिकत्व घेताना नाव बदललं असेल, तर तो कागद भारतात चालण्याजोगा कसा करावा

न्यायालयात नागरिकत्वाची शपथ घेतानाच ज्यांनी नावही बदललं, त्यांच्याकडे दोन कागद असतात. एक जाड, नक्षीदार कागदावरचा, फोटो असलेला नागरिकत्वाचा दाखला. दुसरा म्हणजे साधं एक पान: नावबदलाच्या अर्जावर फेडरल, म्हणजे केंद्र सरकारच्या, न्यायालयानं दिलेली मंजुरी. दाखला सगळे जिवापाड जपतात आणि ते पान कुठल्या तरी फाइलीत जातं. पुढे गावाकडच्या सातबाऱ्यावर वारस म्हणून नाव लावायची वेळ येते, तेव्हा पहिल्यांदा विचारलं जातं ते त्या पानाबद्दल.

माझ्या बाबतीत असंच झालं. शाळेच्या दाखल्यावर माहेरचं नाव, जुन्या भारतीय पासपोर्टवर सासरचं, आणि अमेरिकेचं नागरिकत्व घेताना मी पुन्हा माझं नाव, आप्पांचं नाव आणि माहेरचं आडनाव असं लावून घेतलं. आप्पा गेले आणि वारस नोंदीसाठी अर्ज केला, तेव्हा गावातल्या प्रत्येकाला मी कोण ते ठाऊक होतं, पण कागद म्हणत होते की या दोन वेगळ्या बायका आहेत. त्यांना जोडणारा पुरावा एकच होता, तो अमेरिकेतला होता, आणि त्यावरचा शिक्का गावी कुणाच्या ओळखीचा नव्हता. ती ओळख पटवून देण्यासाठी जे करावं लागतं, ते म्हणजे अपोस्टिल: कागदावरची सही आणि शिक्का खरा असल्याचं, हेग करारातले देश एकमेकांचं मानतात ते प्रमाणपत्र.

आधी बघा, नाव खरोखर बदललंय का

हे विचारायचं कारण आपल्या नावाची घडण. भारतीय पासपोर्टवर आपलं नाव आणि वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव बहुतेकदा एकाच रकान्यात असतं. अमेरिकेत आल्यावर मधलं नाव कुठे पहिल्या नावाला जोडून येतं, कुठे त्याचं एक अक्षर उरतं, कुठे ते गळून जातं. हा नावबदल नव्हे. त्याचा कुठलाही आदेश नसतो, तेव्हा तो शोधत बसू नका. अशा वेळी ‘या दोन्ही नावांची व्यक्ती मीच’ असं प्रतिज्ञापत्र करावं लागतं. त्याबद्दल पुढे सांगते.

लग्नामुळे बदललेलं नाव ही वेगळी गोष्ट. विवाह प्रमाणपत्र दाखवलं की नागरिकत्वाचा दाखला थेट सासरच्या नावानं निघू शकतो, न्यायालयाची गरज पडत नाही. मग तुमचा जोडणारा पुरावा म्हणजे ते विवाह प्रमाणपत्रच. ते महाराष्ट्रातलं असेल तर भारतात वापरायला त्याला अपोस्टिल लागत नाही, घरचाच कागद तो. मात्र त्यावर वधूचं नाव माहेरचंच असतं आणि लग्नानंतरचं नाव अनेकदा कुठेच नसतं, हे आधी उघडून बघा. तिथंही मग प्रतिज्ञापत्राची जोड द्यावी लागते.

उरला खरा नावबदल. एन-४०० या नागरिकत्वाच्या अर्जातच नाव बदलायची विनंती करता येते, पण ती मंजूर करायचा अधिकार फक्त न्यायालयाला आहे. इमिग्रेशन खात्यानं स्वतःच्या कचेरीत घेतलेल्या शपथविधीत नाव बदलत नाही. न्यायालयात होणाऱ्या शपथविधीची वाट बघावी लागते. तुमची शपथ न्यायाधीशांसमोर झाली असेल आणि दाखल्यावर नवं नाव असेल, तर ते एक पान तुम्हाला मिळालेलं आहे. आजच शोधून ठेवा.

कागदावर सही कोणाची आहे, ते वाचा

या सगळ्या कामात एवढं एक समजलं की बाकीचं सोपं आहे. अपोस्टिल देणारी कचेरी कागदातला मजकूर तपासत नाही. खालची सही, सही करणाऱ्याचा हुद्दा आणि शिक्का खरा आहे, एवढंच ती सांगते. त्यामुळे ज्या सरकारच्या माणसाची सही, त्याच सरकारच्या दारात जायचं. फेडरल कागद घेऊन राज्याच्या कचेरीत गेलात तर तो परत येतो, आणि राज्याचा कागद वॉशिंग्टनला पाठवलात तरी तेच होतं. लोकांचे महिने वाया जातात ते इथंच.

आणखी एक चूक हमखास होते. मूळ कागदाची झेरॉक्स काढायची, ती जवळच्या बँकेत नोटरीकडून शिक्का मारून घ्यायची आणि पाठवून द्यायची. फेडरल कागदाच्या बाबतीत हे करू नका. नोटरी राज्याचा, कागद केंद्राचा. त्यानं शिक्का मारल्यानं ती प्रत प्रमाणित होत नाही.

न्यायालयाचा नावबदलाचा कागद

हा सगळ्यात महत्त्वाचा, म्हणून आधी हाच घ्या. ज्या फेडरल जिल्हा न्यायालयात शपथ झाली, तिथल्या क्लार्कच्या कचेरीला फोन करा. नावबदलाच्या मंजुरीची प्रमाणित प्रत हवी आहे, ती भारतात वापरायची आहे आणि तिला अपोस्टिल हवं आहे, ही तिन्ही वाक्यं एकदमच सांगा. फेडरल न्यायालयांच्या क्लार्कना आणि उपक्लार्कना अपोस्टिल द्यायचा अधिकार आहे, त्यामुळे दोन्ही कामं एकाच खिडकीवर होऊ शकतात. फोन उचलणाऱ्याला हे ठाऊक असेलच असं नाही. मला पहिल्या वेळी सरळ राज्याच्या कचेरीकडे धाडलं होतं. शांतपणे वरिष्ठांना विचारायला सांगा.

जुनं नाव, नवं नाव, शपथेची तारीख आणि दाखल्यावरचा ‘ए’ अक्षरानं सुरू होणारा नंबर जवळ ठेवा. मूळ पान हरवलं असलं तरी घाबरायचं कारण नाही, प्रत न्यायालयाच्या दप्तरात असते. १९९१ च्या आधी नागरिकत्व न्यायालयंच देत, काही ठिकाणी राज्यांची न्यायालयंसुद्धा; तेव्हा घरातल्या वडीलधाऱ्यांचं प्रकरण असेल तर दाखल्यावर कुठल्या न्यायालयाचं नाव आहे ते आधी वाचा.

प्रत हातात आली की खिडकीवरून हलण्याआधी ती तपासा. जुन्या आणि नव्या नावाचं एकेक अक्षर बघा. मग शिक्का. हा शिक्का बहुधा शाईचा नसतो, कागदाला उठाव आणून केलेला असतो. बोट फिरवलं की लागतो, पण झेरॉक्सवर उमटत नाही. गावी पाठवलेल्या माझ्या पहिल्या झेरॉक्सवर तो दिसलाच नाही, आणि ‘शिक्का नाही’ म्हणून ती परत आली. दुसऱ्या वेळी मी झेरॉक्स काढण्याआधी एका जादा प्रतीवर शिसपेन्सिल आडवी धरून हलकेच फिरवली, तेव्हा गोल अक्षरं वर आली. हे फक्त जादा प्रतीवरच करायचं, मूळ कागदाला पेन्सिल लावायची नाही. त्यासाठी पहिल्याच वेळी प्रमाणित प्रती दोन तरी घ्या.

नागरिकत्वाचा दाखला

काही ठिकाणी दाखलाही मागतात. मूळ दाखला कुठंही द्यायचा नाही. त्याची प्रमाणित प्रत इमिग्रेशन खातंच देतं: खात्याच्या मदत क्रमांकावर फोन करून जवळच्या कचेरीची वेळ घ्यायची, मूळ दाखला, त्याची स्वच्छ झेरॉक्स आणि फोटो असलेलं ओळखपत्र न्यायचं, आणि ही प्रत परदेशी सरकारला द्यायची आहे हे सांगायचं. तिथला अधिकारी मूळ दाखला बघून झेरॉक्सवर सही-शिक्का करतो.

ही सही फेडरल अधिकाऱ्याची, म्हणून अपोस्टिल अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याच्या ऑथेंटिकेशन कचेरीकडून. डीएस-४१९४ हा फॉर्म भरायचा, दर कागदाला २० डॉलर फी आणि परतीचा, टपालखर्च भरलेला, स्वतःचा पत्ता घातलेला लिफाफा जोडायचा. फॉर्ममध्ये कागद कोणत्या देशात वापरणार हे विचारतात. तिथं भारत लिहायला विसरू नका, कारण त्यावरच अपोस्टिल द्यायचं की दुसरं प्रमाणपत्र हे ठरतं. टपालानं अनेक आठवडे जातात. सुट्टीची तिकिटं काढायच्या आधी हे काम सुरू करा.

शपथेनंतर लगेच पहिला अमेरिकी पासपोर्ट काढताना मूळ दाखला पाठवावा लागतो आणि तो नंतर वेगळ्या टपालानं परत येतो. प्रमाणित प्रतीची वेळ तो परत आल्यावरचीच घ्या.

नागरिक झाल्यावर नाव बदललं असेल

मग आदेश राज्याच्या न्यायालयाचा असतो. तिथल्या क्लार्ककडून ताजी प्रमाणित प्रत घ्यायची आणि त्याच राज्याकडून अपोस्टिल. तुम्ही आता टेक्सासात राहत असाल आणि आदेश न्यू जर्सीचा असेल, तर न्यू जर्सीच. बहुतेक राज्यांत हे काम सेक्रेटरी ऑफ स्टेटची कचेरी करते, न्यू जर्सीत ट्रेझरी खातं. फी राज्यागणिक वेगळी: न्यूयॉर्कमध्ये १० डॉलर, कॅलिफोर्नियात २०, न्यू जर्सीत २५. काही ठिकाणी मधे काउंटी क्लार्कची पायरी असते, ती आधी विचारून घ्या.

अपोस्टिल हातात आल्यावर

एक चौकोन असतो, वर ‘अपोस्टिल’ आणि त्याखाली ५ ऑक्टोबर १९६१ चा हेग करार असं फ्रेंचमध्ये. आत १ ते १० क्रमांकाच्या ओळी. दुसऱ्या ओळीत सही करणाऱ्याचं नाव, तिसरीत त्याचा हुद्दा, चौथीत शिक्का कोणाचा ते. तुमच्या कागदाच्या तळाशी असलेल्या नावाशी दुसरी ओळ जुळते का, ते पडताळा. तिथं तुमचं नाव नसतं, आणि ते बघून अनेक जण दचकतात. ते बरोबरच आहे.

आता माझ्या हातून झालेली चूक सांगते, कारण ती कुणाच्याही हातून होईल. अपोस्टिलचं पान मूळ कागदाला स्टेपलनं जोडलेलं होतं. स्कॅनरमध्ये नीट बसावं म्हणून मी पिन काढली, दोन्ही पानं स्कॅन केली आणि त्याच भोकांतून नवी पिन मारली. गावी कागद उजेडाकडे धरून बघितला गेला, जुन्या पिनेची भोकं दिसली आणि पानं बदललेली नाहीत कशावरून, असा प्रश्न आला. त्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. सगळं पुन्हा पहिल्यापासून करावं लागलं. पिन काढायची नाही, कोपरा दुमडायचा नाही, लॅमिनेशन तर मुळीच नाही. स्कॅन करायचा असेल तर पानं उलटून फोनवर फोटो काढा.

भारत या करारात २००५ पासून आहे, म्हणून अपोस्टिल झालेल्या कागदावर भारतीय वकिलातीचा शिक्का लागत नाही. काही एजंट त्याचेही पैसे लावतात. देऊ नका. कागद स्वीकारणाऱ्यानं तरीही तो शिक्का मागितला, तर करारानुसार अपोस्टिलच पुरेसं आहे हे त्यांना लेखी कळवा.

सोबतचे दोन कागद

पहिलं, एकच व्यक्ती असल्याचं प्रतिज्ञापत्र. कागदोपत्री जितकी नावं आहेत तितकी सगळी त्यात लिहा, प्रत्येकापुढे ते कुठल्या कागदावर आहे ते. हे अमेरिकेतल्या नोटरीसमोर केलं की अपोस्टिल त्या राज्याचं. न्यूयॉर्कमध्ये त्याआधी काउंटी क्लार्कचा दाखला लागतो.

दुसरं, कुलमुखत्यारपत्र, भावाला किंवा बहिणीला तुमच्या वतीनं सह्या करता याव्यात म्हणून. ते नव्या, पासपोर्टवरच्या नावानंच करा आणि ‘पूर्वीचे नाव’ म्हणून जुनंही लिहा. महाराष्ट्रात पोचल्यापासून ३ महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक शुल्क भरावं लागतं. ज्या दिवशी लिफाफा घरी पोचला तो दिवस लिहून ठेवायला सांगा. नावबदलाच्या आदेशाला असं शुल्क नाही.

ओसीआयचा, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या लोकांना भारत देतो त्या कार्डाचा, अर्ज राहिला असेल तर तो नव्या पासपोर्टवरच्या नावानं भरायचा असतो, आणि जुन्या भारतीय पासपोर्टशी नाव जुळत नाही म्हणून हेच कागद तिथंही मागितले जातात. बँक, पॅन, सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट यांनाही. मूळ अपोस्टिल झालेला कागद दाखवायचा, झेरॉक्स द्यायची, मूळ कागद लगेच परत घ्यायचा.

कॅनडातल्या वाचकांनी एक बदल ध्यानात ठेवावा: ११ जानेवारी २०२४ पासून कॅनडाही या करारात आला. त्याआधी तिथला कागद वकिलातीतून न्यावा लागे, आणि जुने अनुभव सांगणारे अजून तेच सांगतात.

सातबाऱ्याचं म्हणाल तर, तलाठ्याकडे अर्जासोबत आदेशाचं साधं मराठी भाषांतर जोडा. सक्तीचं नसलं तरी फेरफार लिहिणाऱ्याला नाव मराठीत कसं लिहायचं ते कळतं, नाहीतर इंग्रजी स्पेलिंगवरून तो अंदाजानं लिहितो. फेरफार मंजूर होण्याआधी नोटीस निघते. तेव्हाच भावाला चावडीत पाठवून नोंदीतलं नाव वाचून घ्या. माझ्या नोंदीत आप्पांच्या नावाची वेलांटी चुकली होती. ती त्याच आठवड्यात दुरुस्त झाली.