गुंतागुंतीच्या प्रणालींचा अभ्यास: सुरुवात एका ओळीच्या समीकरणापासून

काळानुसार बदलत जाणाऱ्या गुंतागुंतीच्या प्रणालींवर पीएच.डी. करू पाहणाऱ्या विद्यार्थ्याने हवामानाची किंवा परिसंस्थेची भलीमोठी प्रारूपे हाती घेण्याआधी एक्सेलच्या एका रकान्यात मावणारे लॉजिस्टिक समीकरण, म्हणजे एका पिढीच्या संख्येवरून पुढच्या पिढीची संख्या काढणारे सूत्र, स्वतः चालवून पाहावे. परिसंस्थांचे अभ्यासक रॉबर्ट मे यांनी १९७६ साली ‘नेचर’ या विज्ञानपत्रिकेतून याच समीकरणाकडे लक्ष वेधले होते.

पहिल्या चौकटीत ०.२ लिहावे; ही कीटकांची संख्या, कमाल मर्यादेच्या प्रमाणात मोजलेली. पुढच्या चौकटीसाठी ती एकातून वजा करावी, उत्तराला मूळ संख्येने आणि मग वाढीच्या गुणांकाने (संख्या किती वेगाने वाढते ते सांगणाऱ्या आकड्याने) गुणावे, आणि हे सूत्र पाचशे ओळी खाली ओढावे. सुरुवातीच्या शंभरेक किमती सोडून द्याव्यात. प्रणाली स्थिरावण्याआधीच्या हालचालीवरून काढलेले निष्कर्ष हमखास फसवतात.

गुणांक २.५ असताना संख्या ०.६ वर येऊन थांबते. तो ३.२ केला की ती ०.५१३ आणि ०.७९९ यांच्यात आलटूनपालटून फिरते, ३.५ ला चार किमतींचे चक्र मिळते, ३.५७ च्या पुढे बहुतेक ठिकाणी चक्र सापडतच नाही, आणि ३.८३ ला मात्र अचानक तीन किमतींचे चक्र उभे राहते. म्हणूनच गुणांक वाढवताना मोठ्या ढांगा टाकू नयेत.

आता गुणांक ४ करून शेजारच्या रकान्याची सुरुवात ०.२००००१ पासून करावी. विसाव्या पायरीच्या आसपास दोन्ही रकान्यांचा एकमेकांशी संबंध उरत नाही. हवामानशास्त्रज्ञ एडवर्ड लोरेन्झ यांना १९६१ मध्ये हवामानाच्या प्रारूपात ०.५०६१२७ ऐवजी ०.५०६ भरल्यावर हेच दिसले होते.

गुणांक ४ चा हा रकाना नुसता पाहिला तर कोणीही त्याला यादृच्छिक, म्हणजे कोणत्याही नियमाविना आलेला, म्हणेल. खरी कसोटी पुढे आहे. आडव्या अक्षावर प्रत्येक किंमत आणि उभ्या अक्षावर तिच्या लगतची पुढची किंमत घेऊन बिंदू मांडावेत. एक्सेलने काढून दिलेल्या यादृच्छिक आकड्यांचे बिंदू चौकोनभर विखुरतात. या रकान्याचे बिंदू मात्र उलट्या वाटीसारख्या एकाच वक्रावर नेमके बसतात. प्रत्यक्ष मोजमापांत त्रुटी असतातच, त्यामुळे तयार किमतींत मुद्दाम थोडी यादृच्छिक भर घालून आलेख पुन्हा काढावा, किती भर घातल्यावर वक्र ओळखेनासा होतो ते वहीत नोंदवावे, आणि मगच स्वतःच्या प्रकल्पाचा डेटा उघडावा.