जिल्ह्याकडून गोलंदाजी करणाऱ्या पोरांसाठी

मी मध्यमगती गोलंदाज. जिल्ह्याकडून निमंत्रित स्पर्धा खेळलो, रणजीपर्यंत काही पोहोचलो नाही. तरी वाट ओळखीची आहे म्हणून लिहितो.

तालुक्याला मॅटिंगवर, म्हणजे चटई अंथरलेल्या खेळपट्टीवर, विकेट काढणाऱ्याची पहिली पंचाईत टर्फवर, म्हणजे माती-गवताच्या खेळपट्टीवर, होते. मॅटिंगवर जरा आखूड टाकलेला चेंडूही आपसूक छातीपर्यंत उसळतो. टर्फवर तोच कमरेला येतो आणि फलंदाज मागे सरकून निवांत पुल मारतो. टप्पा हातभर पुढे टाका. स्टंपात टाका, पायचीत मिळतात. खिळ्यांचे बूट निवड चाचणीच्या आधी महिनाभर तरी वापरा. नव्या बुटात पुढच्या पायाचा अंगठा सोलवटतो आणि मग रनअपच बिघडतो.

रणजीत एसजी कंपनीचा लाल चेंडू असतो. हाताने शिवलेला, शिवण चांगली वर आलेली. जुना झाला तरी बोटांना शिवण लागते, म्हणून सरावही त्याच चेंडूने करा, महाग पडला तरी. चकाकी घामानेच राखायची. लाळेवर 2022 पासून कायमची बंदी आहे. नव्या चेंडूवर पाच षटकं कुणीही स्विंग करतो. माझ्या मते गोलंदाज ओळखावा तो दुपारच्या उन्हातल्या तिसऱ्या स्पेलवर, म्हणजे दिवसात तिसऱ्यांदा चेंडू हाती आल्यावर.

पैशांचं स्पष्ट बोलू. 2021-22 पासून रणजीत नवख्याला दिवसाला 40 हजार मिळतात, 40 हून जास्त सामने झालेल्याला 60 हजार. पण ते अंतिम अकरात असलात तर. राखीव खेळाडूला निम्मे. त्यामुळे शिक्षण सोडू नका. 2017-18 च्या रणजी अंतिम सामन्यात दिल्लीविरुद्ध हॅटट्रिक घेऊन विदर्भाला पहिलं विजेतेपद मिळवून देणारा रजनीश गुरबानी इंजिनिअर आहे. आणि मुंबईचा डावखुरा फिरकीपटू पद्माकर शिवलकर? प्रथम श्रेणीत 589 बळी, 1972-73 च्या अंतिम सामन्यात चेपॉकवर 16 धावांत 8. कसोटी एकही नाही. भारताकडून बिशनसिंग बेदी खेळत असताना दुसऱ्या डावखुऱ्या फिरकीपटूला जागा कुठून मिळणार!

कागदपत्रं चोख ठेवा. 16 वर्षांखालील गटात मनगटाचा एक्स-रे काढून हाडांचं वय तपासतात. जन्मतारीख पुढे ढकलायला सांगणारे हितचिंतक गावोगाव भेटतील. वयचोरी पकडली गेली की दोन वर्षांची बंदी पोरावर येते, हितचिंतकावर नाही.