मुलिन लावताय? या चुका टाळा

अमेरिकेत आलेल्या मराठी माणसाला मुलिन पहिल्यांदा दिसतं ते बहुधा हायवेच्या कडेला. खडीतून वर आलेला पुरुषभर उंचीचा सरळसोट दांडा, त्याला चिकटून पिवळी फुलं आणि बुडाशी पांढुरकी, लोकरीसारखी मऊ पानं. मग कुठेतरी वाचनात येतं की याच्या पानांचा काढा खोकल्यावर घेतात, फुलांचं तेल कानात घालतात. लगेच बी मागवलं जातं. मूळचं हे झाड युरोपापासून पश्चिम आशियामार्गे हिमालयापर्यंतचं. अमेरिकेत ते युरोपातून आलेल्या वसाहतकऱ्यांबरोबर पोचलं. आपल्याकडे काश्मीर, हिमाचल, उत्तराखंडात रस्त्याकडेला दिसतं आणि तिकडे त्याला गीदड तमाखू म्हणतात.

मी मिशिगनमध्ये राहते. इथल्या मराठी घरांमधून मुलिनविषयी जे प्रश्न येतात, त्यातले बरेचसे एकाच कारणाचे असतात: टोमॅटो-वांग्याची सवय झालेले हात या झाडाचेही तसेच लाड करायला जातात. खरं तर वाढायला हे अगदी सोपं झाड आहे. काळजी घ्यायची ती ते बी धरतं तेव्हा आणि ते आपल्या कपात जातं तेव्हा.

बी उगवलंच नाही

बी मातीखाली गाडलं असणार. मुलिनचं बी मोहरीपेक्षाही बारीक असतं आणि त्याला उगवायला उजेड लागतो. अर्धा सेंटिमीटर माती वर आली तरी ते गप्प बसून राहतं. वाफा भुसभुशीत करून सपाट करा, बी चिमूटभर वाळूत मिसळून वरच भुरभुरवा आणि तळहाताने दाबा. वर माती नको, पालापाचोळा तर नकोच. पाणी झारीने न देता फवाऱ्याने द्या, नाहीतर सगळं बी वाहत एका कोपऱ्यात जातं. पेरणी शरद ऋतूत किंवा बर्फ वितळल्यावर लगेच करावी.

उगवल्यावर रोपं दाट दिसतात, पण विरळणी करताना हात आखडू नका. एकेका झाडाची पानं पुढे दीड-दोन फुटांचा घेर धरतात. रोप हलवायचं असेल तर चार-सहा पानांवर असतानाच हलवा. याचं सोटमूळ लवकर खोल जातं आणि मोठं रोप उपटून दुसरीकडे लावलं की ते मूळ तुटतं. असं झाड आठवडाभर तग धरतं आणि मग मान टाकतं.

वर्ष झालं, फूल नाही

फूल नसणं बरोबरच आहे. मुलिन दोन वर्षांचं झाड आहे. पहिल्या वर्षी नुसती पानं जमिनीलगत चक्रासारखी पसरतात, हिवाळा बर्फाखाली काढतात आणि दुसऱ्या उन्हाळ्यात मधून दांडा निघतो. थंडी मिळाल्याशिवाय दांडा निघतच नाही. पहिल्या वर्षी फूल आलं नाही म्हणून बरेच जण खत घालतात. त्याने पानं गाईच्या कानाएवढी होतात, आणि दुसऱ्या वर्षी दांडा उंच पण कमकुवत निघून पहिल्याच वादळात आडवा होतो. मुलिनला निकस, खडकाळ, पाणी न धरणारी जागा आणि दिवसभर ऊन द्या. खत नको. मूळ धरल्यावर रोजचं पाणीही नको. हिवाळ्यात बुडाशी पाणी साचलं तर मात्र गड्डा सडतो. थंडीत मेलेली बहुतेक मुलिनची झाडं थंडीने मेलेली नसतात, ओलीने मेलेली असतात.

हरणांच्या त्रासाने बाग सोडून दिलेल्यांसाठी एक चांगली गोष्ट: पानांच्या लवेमुळे हरणं याला सहसा तोंड लावत नाहीत.

सर्वांत महागात पडणारी चूक

दांड्यावर बोंडं पिकू देणं. या एका गोष्टीसाठी मी खरोखर हात जोडून सांगते.

एका मोठ्या झाडाला लाखाच्या वर बी धरतं. बोंडं सुकली तरी दांडा हिवाळाभर उभा राहतो आणि वाऱ्याने हलला की बी झटकत राहतो. बहुतेक बी झाडापासून चार-पाच मीटरच्या आतच पडतं, म्हणजे तुमच्याच बागेत. पुढची गोष्ट बी किती टिकतं याची. आमच्याच राज्यात, ईस्ट लान्सिंगला, विल्यम जेम्स बील या वनस्पतिशास्त्राच्या प्राध्यापकांनी 1879 मध्ये तणांचं बी वाळूत मिसळून 20 बाटल्यांत भरलं आणि जमिनीत पुरून ठेवलं. ठरावीक वर्षांनी एक बाटली उकरायची आणि काय उगवतं ते पाहायचं. 2021 मध्ये एक बाटली काढली, तेव्हा उगवलेली रोपं मुलिनच्या जातकुळीतली होती. बहुतेक मॉथ मुलिन, आणि तपासणीत एक रोप मॉथ मुलिन व आपल्या साध्या मुलिनचा संकर निघालं. 140 वर्षांहून जास्त काळ ते बी जमिनीत जिवंत होतं. पुढची बाटली 2040 मध्ये निघेल. तुमच्या वाफ्यात एकदा बी सांडलं की घर विकून गेलात तरी ते तिथेच असतं.

मग दांडा कापायचा कधी? इथेच लोक फसतात, कारण मुलिन एकदम फुलत नाही. रोज थोडी थोडी फुलं पहाटे उमलतात, दुपारनंतर मिटतात आणि दुसऱ्या दिवशी आणखी वरची किंवा मधली फुलतात. हे आठवडे न् आठवडे चालतं. वर फुलं डोलत असताना खाली बोंडं टणक व्हायला लागलेली असतात. शेंड्याकडे पाहत बसू नका, बूड तपासा. खालची बोंडं हिरव्याची तपकिरी व्हायला लागली की वर कितीही फुलं असोत, दांडा कापायचा. कापलेला दांडा कंपोस्टमध्ये टाकू नका. पिशवीत घालून तोंड बांधा आणि कचऱ्यात द्या. महिन्याभराने बुडातून बारीक फांद्या फुटून पुन्हा फुलं येतात, तीही कापायची. मधमाश्या आल्या नाहीत म्हणून बी धरणार नाही, असंही समजू नका. कीटक फिरकला नाही तर फूल मिटताना स्वतःचं परागण स्वतः करतं.

आधीच बी सांडलेलं असेल तर ती जागा खणू नका. खणलं की खालचं बी उजेडात येतं आणि वाफा पुन्हा हिरवा होतो. पानांची चक्रं खुरप्याने गड्ड्याच्या खाली, मुळासकट कापा. नुसती पानं छाटली तर परत फुटतं. आणि तुमच्या राज्याचे नियम आधी बघा. कोलोरॅडो आणि हवाईमध्ये मुलिन सरकारी त्रासदायक तणांच्या यादीत आहे. तिथे राहत असाल तर हे लावूच नका. फक्त फुलांची हौस असेल तर नर्सरीत याच कुळातल्या, बी न धरणाऱ्या संकरित जाती मिळतात.

पान ओळखताना चूक म्हणजे जिवाशी खेळ

फॉक्सग्लव्ह हे अमेरिकन बागांमधलं लाडकं फुलझाड. तेही दोन वर्षांचं, त्याचंही पहिल्या वर्षी नुसतं पानांचं चक्र, आणि तेही लवदार. त्याच्या प्रत्येक भागात हृदयाचे ठोके बिघडवणारं विष असतं. पानं वाळवली किंवा उकळली तरी ते जात नाही. फॉक्सग्लव्हच्या पानांचा काढा दुसऱ्याच झाडाचा समजून प्यायल्याने माणसं दगावली आहेत.

पान हातात घेऊन बघा. मुलिनचं पान जाड असतं आणि दोन्ही बाजूंनी सारखीच दाट लव असते, जुन्या घोंगडीचा तुकडा चिमटीत धरल्यासारखं लागतं. रंग राखाडी-हिरवा, कडा जवळजवळ सलग. फॉक्सग्लव्हचं पान त्यामानाने पातळ आणि वरून हिरवंगार, शिरांच्या जाळीने सुरकुतलेलं, कडेला बारीक दाते, आणि लव मुख्यतः खालच्या बाजूला. दुसऱ्या वर्षी दांड्यावर पाहिलं तर मुलिनच्या पानाचं बूड दांड्याला चिकटून खाली उतरत गेलेलं दिसतं. तरीही माझा नियम कडक आहे: ज्या बागेत दोन्ही झाडं आहेत किंवा कधी काळी होती, तिथलं पहिल्या वर्षाचं पान औषधासाठी तोडायचं नाही. शंका असताना कोणी प्यायलंच आणि मळमळ, छातीत धडधड, डोळ्यांपुढे पिवळं दिसणं असं काही झालं, तर घरगुती उपाय करत बसू नका. अमेरिकेत विषबाधेचा मोफत क्रमांक 1-800-222-1222 आहे. माणूस कोसळला, तर थेट 911.

काढा प्यायल्यावर घसा जास्तच खवखवतो

गाळण्यात कसूर झाली. पानावरची लव भिंगाखाली पाहिली तर एकेक केस फांद्या फुटलेल्या झाडासारखा दिसतो. असे हजारो काटेरी केस चहाच्या गाळणीतून सरळ खाली उतरतात आणि घशात जाऊन टोचतात. एक-दोन चमचे वाळलेला पाला कपभर उकळत्या पाण्यात दहा-पंधरा मिनिटं झाकून ठेवा. मग आधी साध्या गाळणीने आणि नंतर कॉफीच्या कागदी फिल्टरने किंवा चार पदरी सुती फडक्याने गाळा. पाला चुरताना नाकावर रुमाल असू द्या. कोणाकोणाच्या हाताला नुसत्या पानानेही खाज सुटते, त्यांनी हातमोजे घालावेत.

रस्त्याकडेची पानं घेऊ नयेत. गाड्यांचा धूर, बर्फावर टाकलेलं मीठ आणि तणनाशकाची फवारणी सगळं त्या लवेत अडकून बसतं. बी तर पोटात जाताच कामा नये. त्यात सॅपोनिन नावाचं विषारी द्रव्य असतं, आणि पूर्वी मासे गुंगवून पकडायला ते पाण्यात टाकत असत.

हल्ली वाळलेला पाला फुप्फुसं साफ करतो म्हणून ओढायलाही विकतात. धूर हा धूरच. दम्याच्या माणसाने तर या वाटेला जाऊच नये.

कानाच्या तेलात दोन चुका होतात. एक, फुलं ओली असताना तेलात घालणं. पाण्याच्या अंशाने बुरशी धरते, म्हणून फुलं आधी पूर्ण वाळवा. दुसरी जास्त गंभीर, ती म्हणजे कान वाहत असताना किंवा पडद्याला भोक असताना तेल घालणं. लहान मुलाचा कान दुखत असेल तर पडदा शाबूत आहे की नाही हे घरात कळत नाही. ते डॉक्टरच बघू शकतात. 2001 मध्ये इस्राएलमध्ये 103 मुलांवर झालेल्या अभ्यासात वनस्पतींच्या थेंबांनी कानदुखी कमी झाल्याचं दिसलं, त्याचा दाखला सगळीकडे दिला जातो. पण त्या थेंबांत लसूण, झेंडूच्या कुटुंबातलं कॅलेंड्युला आणि सेंट जॉन्स वर्टही होतं. एकट्या मुलिनला ते श्रेय देता येत नाही.

पुण्या-मुंबईत लावायचं असेल तर

नातेवाईक इथून बी मागवतात, त्यांना मी नकोच म्हणते. तिकडची थंडी दांडा निघायला पुरत नाही, आणि लव असलेली पानं पावसाळ्यात चार महिने ओली राहून कुजतात. महाराष्ट्रात याच कुळातलं व्हर्बॅस्कम चायनेन्स कोरड्या नदीपात्रांत आणि पडीक शेतांत आपसूक येतं. पिवळ्या फुलांचं, पण लोकरी पानं नसलेलं. त्याच्या शास्त्रीय नावाला मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजात शिकवलेल्या फादर सांतापाव यांचं नाव जोडलेलं आहे. नदीकाठी फिरताना ते जरूर बघा, पण मुलिनऐवजी त्याचा काढा करू नका. दोन्ही वेगळी झाडं आहेत.