संघटनेत यायचंय? पगाराची स्लिप घेऊन या

नाशकातल्या आमच्या नोकरदार बायकांच्या संघटनेत नवीन बाई येते ती बहुतेक वेळा रडतच येते. दारात चपला काढतानाच डोळे भरलेले असतात. आम्ही पाणी देतो, पंख्याखाली बसवतो, ऐकून घेतो. पण माझ्या मनात दरवेळी एकच येतं: बाई गं, सहा महिने आधी का नाही आलीस?

मी स्वतः तशीच आले होते, म्हणून बोलते. आता मी अंबड एमआयडीसीत एका पॅनल बनवणाऱ्या कारखान्यात क्वालिटीला आहे. त्याआधी दुसरीकडे होते. तिथल्या एका वरिष्ठाच्या बोलण्याला आणि मुद्दाम अंगचटीला येण्याला कंटाळून मी संघटनेची पायरी चढले, तेव्हा शेवटच्या प्रकाराला सात महिने उलटले होते. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यात कंपनीतल्या समितीकडे तक्रार करायला तीन महिने मिळतात. उशिराचं कारण पटलं तर समिती तसं लेखी नोंदवून आणखी तीन महिने देऊ शकते. सातव्या महिन्याला तिथे दार बंद. पोलिसांचा रस्ता उघडा होता, पण तेवढं बळ माझ्यात नव्हतं. मी नोकरी सोडली.

मुळात अशी समिती असते हेच मला ठाऊक नव्हतं. दहा किंवा जास्त माणसं कामाला असतील तिथे अंतर्गत समिती हवीच, आणि तिच्या नेमणुकीचा आदेश सगळ्यांना दिसेल असा लावायला हवा. माझ्या जुन्या कंपनीत तो एचआरच्या कपाटात, एका निळ्या फायलीत छान जपून ठेवलेला होता. दहापेक्षा कमी माणसं असतील तर जिल्ह्याची स्थानिक समिती असते, हेही मला नंतर कळलं.

तर पहिली गोष्ट, सगळं बरं चाललेलं असताना या. मग पुढचं बोलू.

कुठे जायचं ते आधी ठरवा. नाशकात ‘बायकांचं मंडळ’ म्हटलं की भिशीपासून पक्षाच्या महिला आघाडीपर्यंत काहीही निघतं. भिशीला माझी ना नाही, मीही दोन लावते. पण नोकरदार बाईचा प्रश्न तिथे सुटत नाही. कामगार युनियन असेल तर ती मालकाशी बसून पगार-बोनसची बोलणी करते. नोंदणीकृत संस्था असेल तर ती सल्ला देते, निवेदनं देते, लोकांना जोडून देते. उद्योजिकांचं मंडळ असेल तर तिथे प्रदर्शनं आणि गिऱ्हाइकं मिळतात. तुम्हाला यातलं काय हवंय ते स्वतःला विचारा. घरी बसून शिवणकाम किंवा पापड करत असाल आणि ‘मला कुठला मालक, मी कशाला संघटनेत’ असं वाटत असेल, तर अहमदाबादच्या ‘सेवा’ या कष्टकरी बायकांच्या संघटनेची गोष्ट लक्षात ठेवा. १९७२ मध्ये तिच्या संस्थापक इला भट्ट युनियन म्हणून नोंदणी करायला गेल्या, तेव्हा अधिकाऱ्यांनी हेच विचारलं होतं की या बायकांना मालकच नाही तर तुम्ही भांडणार कोणाशी? त्यांचं उत्तर असं की युनियन मालकाविरुद्धच असावी लागते असं नाही, कामकरी बायकांच्या एकीसाठीही ती असते. नोंदणी झाली.

राज्य सरकारच्या नोकरीत असाल तर १९७९ चे वर्तणूक नियम एकदा वाचा. पक्षाच्या कामात उतरायला तिथे बंदी आहे, त्यामुळे आघाडी आणि संघटना यातला फरक तुम्हाला इतरांपेक्षा जास्त बघावा लागेल.

पहिल्या मीटिंगला पाहुणी म्हणून जा. फॉर्म भरू नका, पैसे देऊ नका, नुसतं बसा. आमची मीटिंग महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी दुपारी चारला असते. हा दिवस ठरवायला आम्हाला दीड वर्ष लागलं, खोटं नाही. माझ्या कंपनीला सुट्टी शनिवारी, बँकेतल्या बायकांना रविवारी, शाळेतल्या बाईंना शनिवारी अर्धा दिवस, आणि नर्सबाईंचं तर वेळापत्रकच देवाला ठाऊक. शेवटी लक्षात आलं की दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी बँकाही बंद असतात. तेव्हापासून दुसरा शनिवार. सिन्नरहून दोघी एसटीने येतात. २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट झालं, तेव्हापासून त्यांचा एकही खाडा नाही.

बसल्या बसल्या काय बघायचं? मागच्या मीटिंगचं इतिवृत्त वाचतात का, ते बघा. ‘अमुक पत्र द्यायचं ठरलं होतं, दिलं का?’ असं कोणी विचारतंय का, आणि विचारल्यावर अध्यक्षांच्या कपाळावर आठी पडते का, तेही बघा. एकच बाई तासभर बोलत असेल आणि बाकीच्या माना डोलावत असतील तर चहा पिऊन घरी या. नवीन बाईला नाव विचारून पुढच्या रांगेत बसवतात की फोटोपुरतं उभं करतात, यावरूनही पुष्कळ कळतं.

आवडलं, तर तीन गोष्टी मागा: संस्थेची घटना, नोंदणी क्रमांक आणि मागच्या मार्चअखेरचा हिशेब. लाजू नका. धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेल्या संस्थेला हिशेब ठेवावाच लागतो, तो दाखवायला जड जायचं कारण नाही. मी मागितला तेव्हा आमच्या तेव्हाच्या खजिनदार बाई म्हणाल्या, “बरं झालं विचारलंस, कोणी विचारतच नाही.” आणि त्यांनी पिशवीतून वही काढून समोर ठेवली. झेरॉक्सचे चौदा रुपयेसुद्धा लिहिलेले होते. मी तिथेच वर्गणी भरली.

आमची वर्गणी वर्षाला तीनशे आहे. रोख द्या नाहीतर यूपीआय करा, पण पावती घ्या, आणि यूपीआय संस्थेच्या खात्यावर करा, कोणाच्या वैयक्तिक नंबरवर नाही. फॉर्मवर स्वतःचा मोबाइल लिहा, कंपनीने दिलेला नाही. ईमेलही कंपनीचा नको. आधारची झेरॉक्स कोणी मागितली तर कशासाठी ते विचारा. आम्ही मागत नाही. कंपनीचं नाव लिहायची भीती वाटत असेल तर ‘इंजिनीअरिंग, अंबड’ एवढंच लिहा, चालतं. संघटनेत आल्याचं साहेबांना जाऊन सांगायची गरज नाही. संघटना करण्याचा हक्क देशाच्या राज्यघटनेनेच दिलाय. फक्त एक पथ्य पाळा: कामाच्या वेळात आणि कंपनीच्या कॉम्प्युटरवर संघटनेचं काही करू नका. उगाच समोरच्याच्या हातात काठी देऊ नये.

आता ओळख करून देण्याबद्दल. इथे बहुतेकजणी गडबडतात. ‘मी सौ. अमुक, मला दोन मुलं, मिस्टर सातपूरला’ असं सांगून बसतात. अहो, मिस्टरांना नाही, तुम्हाला घेतोय आम्ही! तुम्ही काय काम करता, तुम्हाला काय येतं आणि तुम्हाला काय हवंय, एवढं सांगा. ‘मी पीएफचे फॉर्म भरते, कोणाचे अडले असतील तर बघून देईन. मला पाथर्डी फाट्याजवळ संध्याकाळी सातपर्यंत मूल सांभाळणारी बाई हवी.’ हे बोलून होईतो तिघी तुमच्याकडे वळलेल्या असतात.

पगाराच्या स्लिपचं मी वर लिहिलं, ते यासाठीच. २०२३ च्या पावसाळ्यात कॉलेज रोडच्या एका शोरूममध्ये बिलिंगला असलेली मुलगी पहिल्यांदा आली. रडत नव्हती, मैत्रिणीबरोबर सहज आली होती. बोलता बोलता म्हणाली, “पगार वाढला म्हणतात, पण हातात काही येत नाही.” आमच्यातल्या एक बँकेतल्या ताई आहेत, चष्मा डोक्यावर ठेवून तोच शोधणाऱ्या. त्यांनी तिच्या मोबाइलवरची स्लिप मोठी करून बघितली. पगार साडेअठरा हजार आणि कपातीत व्यवसाय कर २००. ताई म्हणाल्या, “हे कशाला कापलंय?” १ एप्रिल २०२३ पासून महाराष्ट्रात महिन्याला २५ हजारांपर्यंत पगार असलेल्या बाईला व्यवसाय कर लागत नाही. आधी ही मर्यादा १० हजार होती. तिच्या हिशेबनिसाने जुनाच आकडा चालू ठेवला होता. महिन्याला दोनशे, फेब्रुवारीत तीनशे, म्हणजे वर्षाचे अडीच हजार.

मग काय, खोलीतल्या सगळ्यांनी आपापल्या स्लिपा उघडल्या. बावीसजणींत आणखी चौघींचे कापले जात होते. त्यातली एक सहा महिने आमच्या शेजारी बसत होती, तिने कधी बघितलंच नव्हतं! पाच पत्रं लिहिली. चार ठिकाणी पुढच्या महिन्यापासून कपात थांबली. पाचव्या ठिकाणी तीनदा आठवण करावी लागली. आमची ‘स्लिप वाचा’ मोहीम अशी सुरू झाली, कोणी ठरवून नाही. म्हणून ‘आम्हाला नुसत्या ओळखी हव्यात, आंदोलन नको’ म्हणणाऱ्या बायकांशी मी वाद घालत नाही. त्यांना म्हणते, या, बसा आणि स्लिप उघडा.

ग्रुपवर घेतल्यावर दोन दिवस नुसतं वाचा. गुड मॉर्निंगची फुलं आमच्याकडे बंद आहेत, एकादशीलासुद्धा. त्यावरून दोघी रुसून गेल्या होत्या, परत आल्या. महत्त्वाचं म्हणजे तक्रार ग्रुपवर लिहू नका. नाव, फोटो, चॅटचा स्क्रीनशॉट यातलं काहीही नाही. शंभर मोबाइलांत गेलेली गोष्ट कंपनीत पोचायला एक चहाची सुट्टी पुरते. लैंगिक छळाच्या तक्रारीत तर नावं गुप्त ठेवणं हा कायदाच आहे. फोन करा, भेटा, तारखा वहीत लिहून आणा.

पहिलं काम म्हणून निवेदन द्यायला जा. भाषण नको, स्टेज नको, निवेदन. नव्या बाईला मी मुद्दाम बरोबर नेते, कारण पोच घ्यायला एकदा शिकली की ती कुठेही अडत नाही. दोन प्रती न्यायच्या. खिडकीतला माणूस दोन्ही घेतो आणि म्हणतो, “ठेवून जा ताई, साहेबांना दाखवतो.” तिथून हलायचं नाही. दुसरी प्रत परत मागायची आणि आवाज न चढवता म्हणायचं, “यावर शिक्का द्या.” तो शिक्का शोधतो, शाईचं पॅड वाळलेलं असतं, त्यावर फुंकर मारतो. शिक्का उमटला की आवक क्रमांक, तारीख आणि सही तिन्ही आहेत का ते बघायचं, आणि जिना उतरायच्या आत फोटो काढायचा. शिक्का देतच नसतील तर तेच पत्र स्पीड पोस्टाने पाठवायचं आणि पावती आपल्या प्रतीला टाचून ठेवायची. सरकारी कार्यालयाने महिनाभर उत्तर दिलं नाही तर दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून माहिती अधिकारात विचारायचं, की आवक क्रमांक अमुकच्या पत्रावर काय कार्यवाही झाली? तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. ‘आम्ही पत्र दिलं होतं’ यापेक्षा ‘आवक क्रमांक अमुक’ म्हटलं की समोरचा माणूस खुर्चीत जरा सरळ बसतो.

मोर्चे आमचे फार नसतात. असले तरी पोलिसांची परवानगी आधी काढलेली असते. गोल्फ क्लब मैदानापासून कलेक्टर कचेरी काही लांब नाही. तरी नव्या चपला घालून येऊ नका. २०१८ च्या ६ मार्चला इथल्या सीबीएस म्हणजे मध्यवर्ती बस स्थानकावरून शेतकऱ्यांचा लाँग मार्च मुंबईला निघाला. त्यातल्या आयाबायांच्या फाटलेल्या टाचांचे फोटो आपण सगळ्यांनी पाहिलेत. आपलं एवढंसं अंतर चालून ‘पाय दुखले गं’ म्हणायची मला तरी लाज वाटते.

घरी काय सांगायचं, हा प्रश्न फॉर्मवर नसतो, पण तोच सगळ्यात आधी येतो. माझ्या सासूबाई म्हणायच्या, “तुला काय कमी आहे म्हणून बायका गोळा करतेस?” मी उत्तर दिलं नाही. एका शनिवारी त्यांनाच घेऊन गेले. त्या दिवशी विधवा पेन्शनचा एक अडलेला कागद निघाला. कुठल्या टेबलाला जायचं ते सासूबाईंना पाठ होतं, त्यांच्या बहिणीचं त्यांनीच करून दिलं होतं. त्या बाईला त्या स्वतः रिक्षात घालून घेऊन गेल्या. आता मला उशीर झाला तर त्याच आतून ओरडतात, “निघ, चार वाजले.”

येताना मागच्या तीन महिन्यांच्या स्लिपा, नेमणूकपत्र असेल तर त्याची झेरॉक्स, एक वही आणि पाण्याची बाटली आणा. नेमणूकपत्र मिळालंच नसेल तर तेही येऊन सांगा, त्याचं वेगळं पत्र तयार आहे, फक्त नाव घालायचं. मूल घरी ठेवता येत नसेल तर घेऊन या. मागच्या खोलीत सतरंजी आणि खडू असतात, भिंतीवर काढलं तरी कोणी ओरडत नाही. चहा आम्ही पाळीपाळीने करतो. नवीन बाईला पहिले दोन महिने माफ असतात, तिसऱ्या महिन्याची साखर तिची.