गिटारचे सेटअप : आवडीनिवडीच्या नावाखाली होणाऱ्या या चुका टाळा

गिटारची तार किती जाड असावी आणि ती फ्रेटबोर्डपासून (फ्रेट म्हणजे धातूच्या आडव्या पट्ट्या बसवलेल्या, तारा दाबायच्या फळीपासून) किती उंचीवर असावी, याचे सर्वांना लागू पडेल असे उत्तर नाही, हे बहुतेक वादक मान्य करतात. घोटाळा होतो तो त्यानंतर. ‘ज्याची त्याची आवड’ या सबबीखाली काही जण वाद्यातला सरळसरळ बिघाड वर्षानुवर्षे सहन करतात, तर काही जण एखाद्या नामवंत वादकाचे आकडे जसेच्या तसे उचलून आपल्या गिटारवर लादतात. आवडीला वाव जरूर आहे, पण तो वाद्य मुळात निर्दोष झाल्यानंतर. खाली दिलेल्या बहुतेक चुका हा क्रम उलटा केल्यामुळे होतात.

नामवंतांचे आकडे उचलणे

तारेची जाडी इंचाच्या हजाराव्या भागात मोजतात. ‘नऊचा सेट’ म्हणजे पहिली तार ०.००९ इंच आणि सहावी साधारण ०.०४२ इंच, ‘दहाचा सेट’ म्हणजे ०.०१० ते ०.०४६ इंच. स्टीव्ही रे वॉन हा टेक्ससचा ब्लूज वादक ०.०१३ ते ०.०५८ इंचाच्या जाडजूड तारा वापरत असे, ही गोष्ट सर्वतोमुखी आहे, आणि तसा भरदार आवाज हवा म्हणून तेराचा सेट चढवून बोटे सोलून घेणारे होतकरू वादकही कमी नाहीत. वॉन आपली गिटार अर्ध्या सुराने उतरवून लावत असे, हा तपशील मात्र सांगताना गळून जातो. सूर अर्ध्याने उतरवला की तारेवरचा ताण सुमारे ११ टक्क्यांनी घटतो; म्हणजे त्याच्या बोटांना जाणवणारा पहिल्या तारेचा ताण नेहमीच्या सुरात लावलेल्या ०.०१२ च्या तारेपेक्षा थोडाच अधिक होता. त्याची बोटे दणकट होती, हे वेगळेच.

दुसऱ्या टोकाला झेडझेड टॉप या रॉक बँडचा बिली गिबन्स आहे, जो ०.००७ इंचापासून सुरू होणाऱ्या तारा वापरतो आणि पातळ तारांकडे आपण ब्लूज वादक बी. बी. किंग यांच्या सांगण्यावरून वळलो, असे सांगतो. त्याचा आवाज किरकोळ आहे, असे कोणी म्हणणार नाही. ब्लॅक सबाथ या बँडच्या टोनी आयोमीचे उदाहरण तर याहून बोलके आहे. १९६५ मध्ये बर्मिंगहॅमच्या कारखान्यात त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोके तुटली. तो डावखुरा असल्यामुळे ती तारा दाबण्याची बोटे होती. प्लास्टिकच्या टोप्या आणि हलक्या तारा हा त्याने वेदनेवर शोधलेला उपाय होता, आणि पुढे त्याने सूरही खाली उतरवला. हे आकडे त्या त्या हाताची गरज म्हणून आले. हात, सूर आणि तारेची लांबी या तिन्ही गोष्टी माहीत नसतील, तर नुसत्या जाडीच्या आकड्याला अर्थ राहत नाही.

अ‍ॅक्शनचेही, म्हणजे तारांच्या फ्रेटपासूनच्या उंचीचेही, तसेच आहे. ब्रिजभूषण काब्रा यांनी गिटारवर रागसंगीत वाजवले ते तारांवरून धातूचा दांडा सरकवून, आणि त्या वादनाला तारा फ्रेटपासून चांगल्या उंच असाव्या लागतात. तीच उंची बोटांनी वाजवणाऱ्याला शिक्षा ठरेल.

तारा बदलून बाकी सगळे तसेच ठेवणे

नऊच्या सेटवरून दहाच्या सेटवर जाणे हा किरकोळ बदल वाटतो. प्रत्यक्षात साध्या तारेचा ताण तिच्या व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणून ०.००९ ऐवजी ०.०१० ची तार लावताच त्या तारेचा ताण सुमारे २३ टक्क्यांनी वाढतो. इलेक्ट्रिक गिटारवर सहाही तारा मिळून नऊच्या सेटचा ताण ३८-३९ किलोच्या आसपास असतो, तर दहाच्या सेटचा ४७ किलोच्या. हा वाढीव भार नेक, म्हणजे गिटारची मान, पुढे खेचतो, नेकचा बाक वाढतो, तारा आपोआप उंचावतात आणि ‘जाड तारा मला झेपत नाहीत’ असा निष्कर्ष काढून वादक पुन्हा नऊवर येतो. त्याला तारा झेपल्या नाहीत की उंची, हे तपासायचे राहूनच जाते.

ज्यांच्या गिटारला स्प्रिंगवर तरंगणारा ट्रेमोलो ब्रिज (तारा अंगावर जिथे टेकतात तो, दांडीने हलवता येणारा भाग) आहे, त्यांच्या बाबतीत हा परिणाम लपत नाही. तारांचा ताण वाढला की ब्रिज मागून उचलला जातो आणि सहा तारा पुन्हापुन्हा लावल्या तरी एक सुरात येईपर्यंत दुसरी उतरते. अशा वेळी खुंट्या पिळत बसू नये. मागचे झाकण उघडून स्प्रिंगच्या पंजाचे दोन्ही स्क्रू थोडे आवळावेत आणि ब्रिज पूर्वीच्या पातळीला आणावा.

नटच्या, म्हणजे नेकच्या डोक्याकडच्या टोकाला तारा ज्या पट्टीवर टेकतात तिच्या, खाचाही मूळ जाडीसाठी कापलेल्या असतात. तिसरी तार सुरात लावताना ‘पिंग’ असा आवाज येऊन सूर उडी मारत असेल, तर तार खाचेत अडकते आहे असे समजावे. शिसपेन्सिलीची पूड खाचेत भरल्याने तात्पुरते काम भागते. जाडी कायमची बदलायची असल्यास खाच रुंद करून घ्यावी लागते. आणि गिटार बदलताना हेही लक्षात ठेवावे की फेंडर या कंपनीच्या गिटारच्या २५.५ इंची आणि गिब्सनच्या २४.७५ इंची तारेत त्याच सेटच्या ताणाचा फरक सुमारे ६ टक्के असतो. दुकानात एका गिटारवर मऊ लागलेला सेट घरच्या गिटारवर कडक लागतो, तो यामुळे.

दोष नटचा, खापर बोटांवर

नवशिक्या वादकांच्या तक्रारींत पहिल्या क्रमांकावर ‘एफ’ हा बार कॉर्ड (एकच बोट आडवे ठेवून सगळ्या तारा दाबायचा सुरांचा समूह) असतो. बोटात ताकद नाही, सराव कमी पडतो, असे ऐकत कित्येक जण गिटार भिंतीला टांगून ठेवतात. माझ्या मते स्वस्त गिटारच्या बाबतीत यातला मोठा वाटा उंच राहिलेल्या नटचा असतो, कारण कारखान्यात खाचा पुरेशा खोल करायला वेळ लागतो आणि तो वेळ स्वस्त वाद्याला मिळत नाही.

याची चाचणी सोपी आहे. पहिल्या फ्रेटवर कॅपो, म्हणजे सगळ्या तारा दाबून धरणारा चिमटा, लावावा आणि तोच बार कॉर्ड एक घर पुढे धरून पाहावा. कॅपोमुळे नटची उंची हिशेबातून बाद होते. आता कॉर्ड लोण्यासारखा दाबला गेला, तर बोटे ठीक आहेत आणि नट उंच आहे. दुसरी चाचणी डोळ्यांनी करायची : तार तिसऱ्या फ्रेटजवळ दाबून धरावी आणि पहिल्या फ्रेटवर ती किती उंच राहते ते पाहावे. तिथे केसाएवढी फट पुरते. बोटाने टिचकी मारल्यावर तार फ्रेटला लागून बारीक ‘टिक’ ऐकू येते. फट यापेक्षा ठळक दिसत असेल, तर तार दाबताना ती ताणली जाऊन सूर चढतो, आणि मग मोकळ्या तारा ट्यूनरवर तंतोतंत असूनही ‘सी’ किंवा ‘ई’ कॉर्ड कणसूर वाजतो. ट्यूनर बदलून हा दोष जात नाही. खाच खोल करण्याचे काम बारीक कानशीचे असून, एकदा जास्त खोल गेलेली खाच मोकळ्या तारेला कायमची झणझणवते, तेव्हा हे काम कारागिराकडूनच करून घेणे शहाणपणाचे.

ट्रस रॉडने अ‍ॅक्शन कमी करणे

ट्रस रॉडचे, म्हणजे नेकच्या आत बसवलेल्या धातूच्या सळईचे, काम नेकचा बाक राखणे एवढेच आहे. तारांची उंची ठरते ती सॅडल (ब्रिजवर तारा टेकतात तो तुकडा) आणि नटवर. रॉड आवळल्यावर तारा थोड्या खाली येतात हे खरे, आणि म्हणूनच ही चूक फोफावली आहे. पहिल्यांदा बाक मोजावा. पहिल्या फ्रेटवर कॅपो लावून सहावी तार नेक अंगाला मिळतो तिथल्या फ्रेटवर दाबावी आणि सातव्या-आठव्या फ्रेटवरची फट पाहावी. ती ०.२ ते ०.३ मिलिमीटर, म्हणजे साध्या कागदाचे दोन-तीन थर जातील एवढी असणे बहुतेकांना मानवते. फट त्याहून बरीच जास्त असेल, तर रॉड घड्याळाच्या दिशेने आवळावा. फटच नसेल, तर सैल करावा. एका वेळी पाव फेऱ्याहून जास्त फिरवू नये, पुन्हा सूर लावावा, शक्य तर दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजावे. किल्ली इंची मापाची लागते की मिलिमीटरची, हे आधी पाहावे, कारण जवळपास बसणाऱ्या किल्लीने रॉडच्या टोकाच्या नटाचे कोपरे गेले की दुरुस्ती महागात पडते.

बझिंग, म्हणजे तार फ्रेटला लागून होणारी झणझण, कुठे होते, यावरून दोषाची जागा ओळखता येते. फक्त मोकळी तार झणझणत असेल, तर नट खोल गेला आहे. पहिल्या चार-पाच फ्रेटांवर आवाज येत असेल, तर नेक फार सरळ किंवा उलटा वाकलेला आहे. बाक योग्य असूनही वरच्या, म्हणजे अंगाकडच्या, फ्रेटांवर सगळीकडे आवाज येत असेल, तर सॅडल खाली आहे. एकाच फ्रेटवर येत असेल, तर तो किंवा त्याच्या पुढचा फ्रेट उंचसखल आहे आणि कितीही सेटअप केले तरी तो दोष जाणार नाही. इलेक्ट्रिक गिटारवर जे बझिंग अ‍ॅम्पमधून ऐकू येत नाही, त्याच्या मागे लागून उंची वाढवण्यात मला फारसा अर्थ दिसत नाही.

बाक नीट झाल्यावरच उंची ठरवावी. बाराव्या फ्रेटवर, फ्रेटच्या माथ्यापासून तारेच्या तळापर्यंत मोजल्यास इलेक्ट्रिकवर पहिली तार १.५ आणि सहावी २ मिलिमीटर, स्टीलच्या अकूस्टिकवर पहिली २ आणि सहावी २.५ मिलिमीटरच्या आसपास, ही चांगली सुरुवात होय. मोजपट्टी नसेल, तर बँकेचे कार्ड कामी येते : त्याची जाडी ०.७६ मिलिमीटर असते, त्यामुळे दोन कार्डे मिळून दीड मिलिमीटर होतात. इथून पुढचा भाग आवडीचा. जोरकस स्ट्रोक देणाऱ्याने थोडी उंची राखावी, हलक्या हाताने वेगवान वाजवणाऱ्याने कमी करावी.

जुलैत सॅडल घासणे

मुंबईत आणि कोकणात पावसाळ्यात हवेतली आर्द्रता ८०-९० टक्क्यांवर जाते, आणि अस्सल लाकडाचा वरचा पत्रा असलेली अकूस्टिक गिटार ओलावा शोषून फुगते. ब्रिजमागचा भाग पोटासारखा वर येतो, तारा उंचावतात, आणि गिटार वाजवायला अचानक जड झाली म्हणून मालक सॅडल घासून घेतो. दिवाळीनंतर हवा कोरडी झाली की लाकूड जागेवर येते, तारा फ्रेटला टेकतात आणि घासलेले सॅडल फेकून नवे बसवावे लागते. नागपूर-अकोल्याकडे उन्हाळ्यात याच्या उलट होते : लाकूड आकसते, फ्रेटांची टोके हाताला बोचू लागतात आणि काही वेळा पत्र्याला चीर जाते. गिटारला ४५ ते ५५ टक्के आर्द्रता मानवते. केसमध्ये एक लहानसा आर्द्रतामापक आणि पावसाळ्यात सिलिका जेलच्या पुड्या ठेवाव्यात, आणि सॅडलला हात लावायचाच असेल, तर हवा स्थिरावलेल्या महिन्यांत लावावा. त्यापेक्षाही बरे म्हणजे पावसाळ्यासाठी दुसरे, किंचित बुटके सॅडल करून ठेवावे आणि मूळचे जपून ठेवावे.

घासायचे झाल्यास तळ घासावा, माथा नव्हे. बाराव्या फ्रेटवर अर्धा मिलिमीटर उंची कमी करायची, तर सॅडलचा एक मिलिमीटर काढावा लागतो. तळ सपाट राहिला नाही, तर सॅडलखाली पिकअप (तारांचा आवाज टिपून अ‍ॅम्पकडे पाठवणारा भाग) असलेल्या गिटारमध्ये एखादी तार अ‍ॅम्पमधून दबकी ऐकू येते.

लहान दिसणाऱ्या, पण महागात पडणाऱ्या चुका

नायलॉनच्या क्लासिकल गिटारवर स्टीलच्या तारा चढवू नयेत. बाराच्या स्टील सेटचा ताण ७० किलोंहून अधिक असतो, नायलॉनचा ४० किलोंच्या आसपास. ब्रिज उखडून हातात येतो. इलेक्ट्रिकवर फॉस्फर ब्राँझच्या अकूस्टिक तारा लावल्यास वाद्य बिघडत नाही, पण त्या गुंडाळीला पिकअप नीट ओळखत नाही आणि जाड तारा मंद वाजतात. पिकअप तारांच्या फार जवळ आणल्यास, विशेषतः सिंगल कॉइल, म्हणजे एकाच वेटोळ्याच्या, पिकअपमध्ये, चुंबक तारेला खेचून धरते आणि वरच्या फ्रेटांवर एका सुरात दोन सूर वळवळल्यासारखे वाटतात. इंटोनेशन, म्हणजे प्रत्येक फ्रेटवरच्या सुराचा अचूकपणा, बिघडले असे समजून सॅडल पुढेमागे करणाऱ्याने आधी पिकअप खाली करून पाहावा.

इंटोनेशन नेहमी शेवटी, आणि नव्या तारांवर तपासावे. गंजलेल्या किंवा घामाने काळवंडलेल्या तारेची जाडी सगळीकडे सारखी नसल्यामुळे ती कधीच नीट जुळत नाही. बाराव्या फ्रेटवरचा हार्मोनिक (तार न दाबता बोटाने हलकेच स्पर्श करून काढलेला सूर) आणि तिथेच दाबून वाजवलेला सूर यांची तुलना करावी. दाबलेला सूर चढा असेल, तर सॅडल मागे, नेकपासून दूर, न्यावे, उतरलेला असेल, तर पुढे आणावे. हे करताना गिटार टेबलावर आडवी न ठेवता वाजवताना धरतो तशीच धरावी.

कारागिराला ‘अ‍ॅक्शन कमी करा’ एवढेच सांगणे

मिरजेत तंबोरा घडवताना तो पुरुष गायकासाठी आहे की गायिकेसाठी, हे आधी ठरते, कारण भोपळ्याचा आकार आणि तारांची जाडी त्यावर अवलंबून असते. गिटारच्या सेटअपलाही तितकीच माहिती लागते. वाद्य देताना तारांचा सेट कोणता, सूर नेहमीचा की उतरवलेला, पिक जाड की पातळ, बेंड (तार बाजूला ताणून सूर चढवणे) किती लांब घेता आणि कॉर्डचे वादन जास्त की सोलोचे, हे सांगावे; जमल्यास समोर दोन मिनिटे वाजवून दाखवावे आणि आपले पिकही सोबत न्यावे. परत घेताना बाक, बाराव्या फ्रेटवरची दोन्ही बाजूंची उंची आणि तारांचा सेट कागदावर लिहून मागावा. घरी आठवडाभर वाजवल्यावर तीच मापे पुन्हा घ्यावीत, आणि काही बदलावेसे वाटल्यास एका वेळी एकच गोष्ट बदलावी.