वस्तीत कामधंदा वाढवायचाय? शिलाई मशीन वाटायच्या आधी हे वाचा

दर दोन वर्षांनी कुणीतरी वस्तीत येतं, मंडळाच्या हॉलमध्ये सतरंजी पडते, तीन महिने शिलाई नाहीतर पार्लरचा कोर्स, सर्टिफिकेट, फोटो, विषय संपला. गल्लीत टेलर आधीच ढीगभर असतात, अजून वीस तयार झाल्या तर ब्लाऊज शिवून घेणार कोण? मी पुण्यातल्या वस्त्यांबद्दल लिहितोय पण पिंपरी, नाशिक, गोवंडी कुठंही थोड्याफार फरकाने हेच. आपल्या लोकांना कामाचा कंटाळा नाही आणि हातात कसबही आहे, नसतो तो कागद. कागद नाही म्हणून बँक नाही, बँक नाही म्हणून सावकाराचे महिन्याला दहा टक्के, आणि मग हातगाडी कितीही चालली तरी घरात काय राहणार.

पुण्यातलंच उदाहरण घ्या ना. कचरा वेचणाऱ्या बायकांची कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत १९९३ ला उभी राहिली, तेव्हा त्यांना कुणी नवीन धंदा शिकवला नाही. आधी ओळखपत्रं, ती पण महापालिकेनं मान्य केलेली, म्हणजे कुणी चोर म्हणून हटकलं तर दाखवायला काहीतरी हातात. मग स्वच्छ ही त्यांची स्वतःची सहकारी संस्था, आणि २००८ ला महापालिकेशी करार. काम तेच, कचऱ्याचंच, पण आता कंटेनरमध्ये वाकण्याऐवजी दारोदार जाऊन गोळा करायचा, घरटी महिन्याचे पैसे घ्यायचे आणि सुका माल विकून येतील ते वेगळे. मला वाटतं वस्तीत काही करायचं असेल तर हाच क्रम धरावा.

तर सुरुवात कशी करायची. एक शंभर पानी वही घ्या आणि घरोघर फिरा, पण सर्व्हेचा फॉर्म घेऊन नको, लोक फॉर्म बघितला की सावध होतात. घरात कोण काय करतं, किती वाजता बाहेर पडतं, रिक्षा-बसला किती जातात, कर्ज कुणाचं आहे एवढंच. हे कामावरून आल्यावर संध्याकाळी सातनंतर विचारायचं, सकाळी अकराला गेलात तर फक्त म्हातारी माणसं भेटतील.

मग मंडळाच्या शेडमध्ये एक टेबल, एक लॅपटॉप, एक प्रिंटर आणि कॉम्प्युटर येणारी दोन पोरं, रविवारी सकाळी. गणपतीच्या वर्गणीतून प्रिंटर येतो, डीजे एक तास कमी वाजला तरी बाप्पा रागवत नाही. पहिला महिना फक्त नावं दुरुस्त करण्यात जाईल हे धरूनच चाला. आधारवर मंगल, रेशनकार्डावर मंगला, बँकेत माहेरचं आडनाव, आणि आधारला जोडलेला मोबाईल नंबर भावाचा जो आता गावाला असतो, असली केस दर चौथ्या घरात निघते. आधी आधार केंद्रावर नंबर स्वतःचा करून घ्या, ओटीपीशिवाय पुढं काहीच हलत नाही. अजून एक, भांडी घासून आणि सिमेंट कालवून बोटांचे ठसे झिजलेले असतात, मशीन घेतच नाही, तेव्हा माणसाला परत पाठवू देऊ नका, डोळ्यांचं स्कॅन करा म्हणून सांगा.

आता कुणाला काय लागतं. ई-श्रम कार्ड, म्हणजे केंद्र सरकारकडची कामगार नोंदणी, बहुतेक सगळ्या असंघटित कामगारांचं काढून टाका, १६ ते ५९ वय, पीएफ आणि ईएसआय (कामगारांचा सरकारी आरोग्य विमा) नसलेले, फुकट आहे. बांधकामावर जाणाऱ्यांची सरकारच्या बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात नोंदणी ही सगळ्यात दुर्लक्षित गोष्ट आहे. वर्षात ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो आणि ठेकेदार सही द्यायला टाळतो, म्हणून एकेकट्याने न जाता आठदहा जणांनी मिळून मागा. नोंदणी चालू असेल तर पोरांना शाळेची मदत मिळते, पहिली ते सातवीला वर्षाला २,५०० आणि आठवी ते दहावीला ५,०००, पण ७५ टक्के हजेरी लागते. नूतनीकरणाची तारीख वहीत लिहून ठेवा, नोंदणी सगळे करतात आणि पुढच्या वर्षी विसरतात.

हातगाडी, पथारीवाल्यांना पीएम स्वनिधी, ही केंद्राची कर्ज योजना. २०२५ च्या बदलानंतर पहिलं कर्ज १५,००० पर्यंत, ते फेडलं की २५,०००, मग ५०,०००, आणि वेळेवर हप्ते भरले तर ७ टक्के व्याज सवलत. फेरीवाला प्रमाणपत्र नसेल तर महापालिकेकडून शिफारसपत्र मिळतं का ते क्षेत्रीय कार्यालयात विचारा. रक्कम छोटी वाटेल पण सकाळी मार्केट यार्डात माल उचलायला सावकाराचे पैसे लागू नयेत एवढ्याला ती पुरते. पोळीभाजी, डबे, लोणची करणाऱ्यांना उलाढाल छोटी असेल तर अन्न परवान्याची साधी नोंदणी वर्षाला १०० रुपयांत होते, आणि उद्यम नोंदणीला, म्हणजे छोट्या धंद्याच्या सरकारी नोंदणीला, तर एक रुपया लागत नाही. तरी चौकातले एजंट यासाठी पाचशे-हजार उकळतात, म्हणून वेबसाईटच्या पत्त्यात शेवटी गव्ह डॉट इन (gov.in) आहे का बघायची सवय सगळ्यांना लावा.

कागद झाले की कामाच्या रेटचं बघा, इथं खरी कमाई वाढते. एकाच सोसायटीत जाणाऱ्या धुणंभांडीवाल्या ताया एकमेकींपासून रेट लपवतात आणि मॅडम लोक त्याचा बरोबर फायदा घेतात. सोसायटीवार बसवा, कपडे, भांडी, पोळ्या, प्रत्येकाचा खालचा रेट ठरवा आणि महिन्याला दोन भरपगारी सुट्ट्या मागा. भांडणं होतील, एखादी कमी रेटला जाईलही, जाऊ द्या, बाकीच्या टिकल्या तरी पुढच्या दिवाळीपर्यंत फरक दिसतो. बचत गट यातूनच निघाला तर चालतो, नुसता कर्जासाठी काढलेला गट सहसा कर्जाबरोबरच संपतो.

पोरांचं वेगळं आहे. दहावीनंतर आयटीआयचे फॉर्म निघतात तेव्हा उत्पन्नाचा आणि जातीचा दाखला हातात नसतो म्हणून सीट जाते, त्यामुळे सेतूचं काम निकालाच्या आधी, एप्रिलमध्येच उरका. रांजणगाव-चाकणला ठेकेदाराकडे लागणाऱ्यांना पहिल्या पगाराला पगार स्लिप मागायला सांगा. २१,००० पर्यंत पगार असेल तर कंपनी ईएसआयमध्ये बसते का हेही विचारा, बसत असेल तर घरच्यांच्या दवाखान्याचा प्रश्न सुटतो. पीएफ कापतो म्हणतात, कापतातही, पण भरला का ते उमंग ॲपवर पासबुक उघडून तिसऱ्या महिन्यात बघायचं. दोन वर्षांनी ठेकेदार बदलल्यावर बघून उपयोग नाही, तोपर्यंत त्याचा फोन बंद झालेला असतो.